पाठभेदाचा शेजार

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पाठचिकित्सेला जागा असते, मान मात्र बेताचाच असतो. विद्यार्थी ती परीक्षेपुरती वाचतात, आणि शिकवणारेही बरेचदा चार व्याख्या व दोन उदाहरणे सांगून पुढे सरकतात. आमच्या जिल्ह्यात तरी असे होऊ नये, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. मराठीतील पाठचिकित्सेचा सर्वांत मोठा प्रश्न याच मातीत जन्मला. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. ती मूळ प्रत आज नाही. पुढच्या तीनशे वर्षांत नकलांवरून नकला होत गेल्या, आणि १५८४ साली पैठणच्या एकनाथांना उपलब्ध प्रती ताडून ग्रंथ शुद्ध करावा लागला. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी आपल्याला सापडलेली एक वेगळी प्रत छापली, आणि खरा पाठ कोणता, हा वाद नव्याने उभा राहिला.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी हा भाग शिकवीत. त्यांचा नियम एकच होता: पाठभेद कधी एकटा वाचायचा नाही. एका प्रतीत हा शब्द आहे, दुसरीत तो आहे, एवढे सांगून एखादा विद्यार्थी थांबला की ते विचारीत, "शेजारी कोण आहे?" त्या शब्दाच्या मागेपुढे काय आहे, यमकाशी तो कसा जुळतो, शंभर ओव्या आधी येऊन गेलेल्या उपमेशी त्याचे काही नाते आहे का, आणि शब्द बदलला तर यांतली कोणती गाठ सुटते व कोणती नवी बसते, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर स्वीकारीत नसत. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले.

त्या लाटेतील विषाणूविषयीचा एक शोधनिबंध आम्ही पुढे वाचला, आणि वर्षभर अधूनमधून वाचत राहिलो. तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील सारा चेरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. ही संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. नगरहून तीन-चार तासांच्या अंतरावर. निबंधाचा विषय महाराष्ट्रातील दुसऱ्या लाटेत दिसलेले स्पाइक प्रथिनातले बदल. आमचा रसायनशास्त्राशी संबंध बारावीतच संपला होता. तेव्हा आमच्याच महाविद्यालयातल्या जैवतंत्रज्ञानाच्या एका तरुण प्राध्यापिकेने लॅपटॉपवर त्या रेणूचे चित्र फिरवून फिरवून आमच्या शंकांना उत्तरे दिली. त्या वाचनातून जे हाती लागले, ते साहित्याच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले, आणि त्यांचे प्रकार वीस. प्रत्येक प्रकाराला एकेक रोमन अक्षर दिलेले आहे. त्यामुळे कोणतेही प्रथिन वीस अक्षरांच्या लिपीतल्या एका अखंड ओळीसारखे कागदावर उतरते. ओळीत शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत. जुनी पोथी हाताळलेल्यांना हे दृश्य परके वाटू नये. करोना विषाणूच्या अंगावरचे काट्यासारखे प्रथिन, ज्याला स्पाइक म्हणतात, ते १२७३ अक्षरांचे आहे. दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणून साखळीत बसलेल्या अमिनो आम्लाला शास्त्रज्ञ 'रेसिड्यू' म्हणतात: उरलेले ते, अवशेष. सुटेपणी होते तसे ते आता राहिलेले नाही. शब्द कोशात असतो तसा वाक्यात नसतो, हे आपण वर्गात सांगतोच.

ही ओळ सरळही राहत नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते, आणि त्या घडीतच तिचे कार्य असते. घडी पडली की कागदावर दूर असलेली अक्षरे एकमेकांना भिडतात. स्पाइकच्या ज्या भागाने विषाणू आपल्या पेशीला धरतो तो साधारण ३१९ ते ५४१ या स्थानांमधला. त्यात ३९१व्या आणि ५२५व्या स्थानी सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल आहे. ओळीत दोघांमध्ये १३४ अक्षरांचे अंतर. प्रत्यक्षात मात्र दोघांच्या गंधकाच्या अणूंमध्ये थेट बंध. तेव्हा प्रथिन वाचणाऱ्याला दोन याद्या ठेवाव्या लागतात. एक क्रमाची: कोणानंतर कोण. दुसरी शेजाराची: कोणाला कोण लागून आहे. ही दुसरी यादी करणे आणि तिचा अर्थ लावणे, म्हणजे संपर्कांचे विश्लेषण.

इथे संपर्क कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. अंतरे अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. हायड्रोजन वगळता दोन अवशेषांतले कोणतेही दोन अणू साधारण साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले तर तो संपर्क, ही एक रूढ व्याख्या. प्रत्येक अवशेषातला एक ठरावीक कार्बन अणू घेऊन आठ अँगस्ट्रॉमची मर्यादा लावणे, ही दुसरी. मर्यादा बदलली की यादी बदलते, म्हणून संशोधकाने ती आधीच सांगायची असते. साहित्यविचारात 'अनुबंध', 'संदर्भ', 'प्रतिध्वनी' हे शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. दोन ओळींमध्ये नाते आहे असे म्हणताना किती जवळिकीला नाते म्हणायचे, हे क्वचितच कोणी सांगतो.

या शिस्तीला आपल्याकडे जुना वारसाही आहे. १९६३ साली मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: साखळी वळताना कोणता अणू कोणत्या अणूच्या किती जवळ जाऊ शकतो? त्यांनी अंतरांच्या दोन मर्यादा धरल्या, एक नेहमीची आणि एक अगदी टोकाची, आणि त्यांवरून साखळीला कोणती वळणे शक्य आहेत व कोणती नाहीत, याचा नकाशा काढला. रामचंद्रन यांच्या नावाने तो नकाशा आजही जगभर वापरला जातो. कोण कोणाच्या किती जवळ जाऊ शकत नाही, एवढ्याच विचारातून तो निघाला, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

आता पुण्याच्या निबंधाकडे येऊ. २०२०च्या पहिल्या काही महिन्यांतच स्पाइकची त्रिमितीय रचना अमेरिकेत आणि चीनमध्ये उलगडली गेली होती. स्पाइक मानवी पेशीवरच्या एसीई२ या प्रथिनाला कसे धरते, तेही दिसले होते. पुण्याच्या संशोधकांनी महाराष्ट्रातील रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूचा जनुकीय मजकूर वाचला, बदललेली अक्षरे शोधली, आणि ती त्या रचनेत बसवून पाहिली: इथे आधी कोण कोणाला लागून होते, आणि आता कोण आहे? त्यांतल्या तीन जागा आम्ही जरा सावकाश पाहिल्या.

पहिली जागा ४८४. तेथे मुळात ग्लुटामिक आम्ल आहे. बदलून ग्लुटामिन आले. आकाराने दोन्ही जवळजवळ सारखी. फरक एवढाच की पहिल्यावर ऋण विद्युत्प्रभार असतो आणि दुसऱ्यावर नसतो. 'वंश' मधले अनुस्वाराचे टिंब उडून 'वश' व्हावे, तसा हा बदल. डोळ्यांना किरकोळ, पण समोर एसीई२ मध्ये ३१व्या स्थानी लायसिन आहे आणि त्यावर धन प्रभार आहे. विरुद्ध प्रभारांची ती ओढ आता उरत नाही. म्हणून पकड सैलच होईल, असे मात्र सरळ म्हणता येत नाही, कारण एक बंध तुटला की आसपासची मांडणी थोडी हलते आणि नवे बंध जुळू शकतात. निबंधाचा कौल पकड वाढण्याची शक्यता आहे, असा आहे. शिवाय आपल्या शरीरातली काही प्रतिपिंडे याच जागेला धरून विषाणू ओळखत. त्यांची पकड मात्र कमी होताना दिसते. एकाच अक्षराचे दोन वेगळे शेजार, आणि प्रत्येक शेजारात त्याचा परिणाम वेगळा.

दुसरी जागा ४५२. मूळचे ल्युसिन पाण्याला विन्मुख असते. शेजारच्या ४९० आणि ४९२ या स्थानांवरील तशाच स्वभावाच्या अवशेषांबरोबर त्याचा एक लहानसा पुंजका आहे. बदलून आर्जिनीन आले: लांब आणि धन प्रभाराचे. विशेष असे की ४५२ हे स्थान एसीई२ला थेट लागून नाही. साडेचार अँगस्ट्रॉमची कडक यादी केली तर मानवी प्रथिनाच्या बाजूचे एकही नाव त्यासमोर येत नाही. तरीही त्याचा पकडीवर परिणाम होऊ शकतो, कारण एसीई२चा समोरचा भाग ऋण प्रभाराचा आहे आणि प्रभाराचा प्रभाव स्पर्शाच्या पलीकडे पोहोचतो. शिवाय शेजारी हलले की शेजाऱ्यांचे शेजारीही हलतात. प्रस्तावनेतला एक शब्द बदलल्याने शेवटच्या प्रकरणाचा स्वर बदलतो, हे कादंबरी शिकवणाऱ्यांना ठाऊक असते. पण ते दाखवायचे कसे, याची पंचाईत असते. इथे निदान दाखवण्याचा प्रयत्न आहे.

तिसरी जागा ६८१, आणि आम्हांला सर्वांत विचार करायला लावला तो हिने. येथे प्रोलिन जाऊन आर्जिनीन आले. स्पाइक पेशीत शिरण्याआधी दोन तुकड्यांत कापले जावे लागते, आणि ज्या जागी फ्युरिन नावाचे विकर ते कापते, त्या जागेला हे स्थान लागून आहे. गंमत अशी की रेणूच्या बहुतेक चित्रांत हा भाग दिसतच नाही. ही वळी इतकी हलती असते की तिची स्थिर प्रतिमा मिळत नाही, आणि साधारण ६७७ ते ६८८ या स्थानांची जागा रचनेत रिकामी सोडलेली असते. वाळवीने खाल्लेले पान समोर यावे, तसे. जिथे अणूंच्या जागाच माहीत नाहीत, तिथे संपर्क मोजणार कसे? निबंधाने म्हणून इतकेच म्हटले की या बदलाने कापण्याची गती वाढू शकेल. पुढे जपानमधील संशोधकांनी पेशींवर आणि हॅमस्टरवर प्रयोग केले, आणि पी६८१आर या बदलाने स्पाइकचे कापले जाणे व पेशींचे एकमेकींत मिसळणे वाढते, असे दाखवले. संपर्कांच्या यादीत जे पान कोरे होते, तिथेच मोठा अर्थ दडलेला निघाला. लुप्त पाठाबद्दल आमचे सहकारी नेमके हेच सांगत: कोरी जागा म्हणजे काही नाही असे समजू नका, तिथे काही होते.

या निबंधाला स्वतःचाही एक पाठभेद आहे. एप्रिल २०२१ मध्ये, लाट शिगेला असताना, त्याचा कच्चा पाठ जाहीर झाला. त्याच्या शीर्षकात तीन बदल होते, एल४५२आर, ई४८४क्यू आणि पी६८१आर, आणि 'अभिसारी उत्क्रांती' असा शब्दप्रयोग होता. जुलैमध्ये 'मायक्रोऑर्गॅनिझम्स' या नियतकालिकात तो छापून आला तेव्हा शीर्षकातून तो शब्दप्रयोग गेला होता आणि टी४७८के हा चौथा बदल आला होता. या तीन महिन्यांत काय घडले, ते या दोन शीर्षकांत वाचता येते. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल एकत्र दिसत असल्याचे सांगितले होते, आणि वृत्तपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' हे नाव देऊन टाकले. दोन बदल म्हणजे दुप्पट भय, असा हिशोब गावोगाव झाला. प्रत्यक्षात या कुळाच्या दोन मुख्य शाखा होत्या. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना कॅपा आणि डेल्टा ही नावे दिली. ४८४चा तो बदल कॅपात होता. जगभर पसरली ती डेल्टा, आणि तिच्यात तो नव्हता, ४७८चा होता. पाठभेदांची नुसती मोजदाद म्हणजे वाचन नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण वर्गासाठी शोधूनही सापडणार नाही.

अभिसारी उत्क्रांती ही कल्पनाही पाठचिकित्सकांना ओळखीची आहे. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली तर त्या एकाच आईच्या लेकी, असा सर्वसाधारण नियम आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होताना हजारो पाठांची कुळे लावण्यासाठी अशाच तर्काचा आधार घ्यावा लागला. पण काही चुका इतक्या स्वाभाविक असतात की दूरदूरच्या दोन लेखनिकांच्या हातून त्या स्वतंत्रपणे होतात. विषाणूतही तेच. ४५२वरचा हाच बदल कॅलिफोर्नियातील एका वेगळ्या कुळात दिसला होता, आणि ४८४ व ६८१ या जागांवर दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये आणि ब्रिटनमध्ये वेगवेगळे बदल झाले होते. साम्य आहे एवढ्यावरून नाते ठरत नाही. ते बाकीच्या मजकुराशी ताडून पाहावे लागते.

मात्र या तुलनेला सीमा आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोथीमागे कर्ता असतो. एकनाथांनी प्रती ताडल्या त्या ज्ञानदेवांचे शब्द परत मिळावेत म्हणून, आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये, असे त्यांनी बजावले. विषाणूच्या मजकुरामागे कोणाचा हेतू नाही. त्याला शुद्ध पाठ नाही आणि म्हणून अशुद्धही नाही. नक्कल होताना अक्षर बदलते, ते टिकते किंवा टिकत नाही, एवढेच. लेखनिक चुकतो तेव्हा त्याचे मन कुठेतरी गेलेले असते, आणि ते कुठे गेले होते याचा तर्क करता येतो. इथे मन नाही. या मजकुराला अर्थ आहे असे म्हणतानाही आपण शब्द उसना वापरतो. त्याला परिणाम आहे, आणि तो आमच्या गल्लीपर्यंत पोहोचला.

'संपर्क' हा शब्द त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात फार वेगळ्या अर्थाने वापरला जात होता. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातील व्यक्तींची यादी होई: निकटच्या संपर्कातील, दूरच्या संपर्कातील. इथेही मर्यादा ठरवलेली असे, फक्त ती अँगस्ट्रॉमऐवजी फुटांत आणि मिनिटांत. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यभर शाळा आणि देवळे उघडत होती, तेव्हा जिल्ह्यातील ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी लागली. आशा सेविका दारोदार हिंडून नावे लिहून घेत होत्या. हे काम आवश्यकच होते. पण या याद्यांचे गावात दुसरेही वाचन होत असे, आणि ते निर्दय असे. 'कोणी आणला?' या एका प्रश्नाभोवती भावकीत वैरे धरली गेली, सुना माहेरी पाठवल्या गेल्या, मुंबई-पुण्याहून परतलेल्या पोरांशी बोलणे टाकले गेले. शेजाराच्या दाट जाळ्यातून एकच धागा उचलायचा आणि त्यालाच कारण म्हणायचे, हे ते वाचन.

आमच्या सहकाऱ्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. मार्चअखेरीस तो घरी आला होता, आणि पंधरा दिवसांनी वडिलांना ताप आला. त्याला घरात कोणी काही म्हटले नाही. तो स्वतःलाच म्हणत राहिला. दोन वर्षांनी वडिलांची पुस्तके आमच्या विभागाच्या ग्रंथालयाला द्यायला तो आला, तेव्हा खोके खाली ठेवून म्हणाला, "काका, मीच आणला ना?"

असे नाही रे, असे म्हणणे सोपे होते. पण ते आम्हांला ठाऊक नव्हते, आणि ज्या माणसाने आयुष्यभर पुराव्यावाचून बोलू नये असे शिकवले, त्याच्या मुलाशी तसे बोलणे बरे दिसले नसते. पी६८१आर सांगूनही उपयोग नव्हता. हा विषाणू अधिक वेगाने का पसरला असावा, हे ते अक्षर सांगते. तो या घराच्या दारातून कोणाबरोबर आत आला, हे सांगत नाही. मग आम्ही त्याच्या वडिलांनी केले असते तेच केले. शेजारी कोण होते, असे विचारले. त्या पंधरा दिवसांत सर कुठे कुठे गेले, कोण कोण घरी आले, हे आठवून आठवून आम्ही कागदावर लिहीत गेलो. लसीची रांग. बँकेत पेन्शनचे काम. औषधांचे दुकान. रोज सकाळचा दूधवाला. शेजारच्या वाड्यातले दहाव्याचे जेवण, जिथे जाऊ नका असे सांगूनही ते गेले होते. शोधप्रबंधाचे प्रकरण दाखवायला आलेला विद्यार्थी, जो पुढे आठवड्याभराने स्वतः आजारी पडला. आणि तो मुलगा. यादी पानभर झाली. तिच्यातून निष्कर्ष निघत नव्हता, आणि आम्ही तो काढलाही नाही.

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी आणला असेन." आधीच्या वाक्यातला 'च' यात नव्हता, आणि शेवटचे क्रियापद बदलले होते. त्याचे ओझे उतरले, असे आम्ही म्हणणार नाही. खोक्यातली पुस्तके आम्ही दोघांनी मिळून काढली. ज्ञानेश्वरीच्या दोन्ही आवृत्त्यांच्या समासांत पेन्सिलीने लिहिलेले ओव्यांचे क्रमांक होते, ओवीशेजारी ओवी, दूरदूरच्या अध्यायांतले. पुढच्या वर्षापासून पाठचिकित्सेचा भाग आम्ही त्या समासांवरून शिकवतो.